वाचकांचे प्रश्न : पंप-पंख्याविना अल्कोहोलपासून वीज

मागील अंकात आम्ही द्रवरूप अल्कोहोलवर चालणाऱ्या पॅसिव्ह, म्हणजे पंप-पंखा नसलेल्या, इंधनघटाविषयी एक छोटे टिपण दिले होते. पाणी मिसळलेले मिथेनॉल हे अल्कोहोल न जाळता आणि कुठलेही यंत्र न फिरवता त्यातून थेट वीज मिळवता येते, एवढेच त्यात सांगितले होते. त्यावर विदर्भातील गावांमधून बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रे थोडी संक्षिप्त करून उत्तरांसह येथे देत आहोत.

प्रश्न : माझ्या वावराला रानडुकरांचा आणि रोह्यांचा फार त्रास आहे. धुऱ्याभोवती तार ओढून सौरऊर्जेवरची झटका मशीन लावली आहे. श्रावणात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, बॅटरी उतरते आणि नेमक्या त्याच रात्री डुकरे पीक उकरतात. तुमच्या टिपणातला घट या मशीनला जोडता येईल काय? आणि त्यात पंपच नसेल तर इंधन आत पोहोचते कसे?
(एक शेतकरी, समुद्रपूर तालुका, जि. वर्धा)

उत्तर : भाऊ, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे. या घटाच्या मध्यभागी प्लास्टिकच्या जातीचे एक पातळ पटल असते. त्यासाठी नेहमी वापरले जाणारे नॅफिऑनचे पटल सुमारे ०.१८ मिलिमीटर जाडीचे असते. पटलाच्या एका अंगाला ॲनोड आणि दुसऱ्या अंगाला कॅथोड असे उत्प्रेरकाचे दोन थर दाबून बसवलेले असतात. ॲनोडकडे पाणी मिसळलेल्या मिथेनॉलची छोटी टाकी असते, तर कॅथोडची बाजू जाळीतून उघड्या हवेला लागलेली असते. ॲनोडवर मिथेनॉलच्या एका रेणूची पाण्याच्या एका रेणूशी अभिक्रिया होते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू, सहा प्रोटॉन आणि सहा इलेक्ट्रॉन सुटतात. पटल प्रोटॉनांना पलीकडे जाऊ देते, इलेक्ट्रॉनांना मात्र अडवते; त्यामुळे इलेक्ट्रॉनांना बाहेरच्या तारेतून वळसा घालून कॅथोड गाठावा लागतो, आणि तारेतून जाणारा हा प्रवाह म्हणजेच आपल्याला मिळणारी वीज होय. कॅथोडवर हे इलेक्ट्रॉन, पटलातून आलेले प्रोटॉन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येऊन पाणी तयार होते.

मोठ्या घटांमध्ये इंधन ढकलायला पंप आणि हवा पुरवायला पंखा असतो, आणि हे दोन्ही घटाच्याच विजेवर चालतात. दोन-पाच वॅटच्या घटाला हा घरचा खर्च परवडत नाही, म्हणून पॅसिव्ह रचनेत ती कामे निसर्गावर सोपवलेली असतात. टाकीत मिथेनॉल जिथे जास्त आहे तिथून ते जिथे खर्ची पडते आहे त्या ॲनोडकडे आपोआप सरकते. यालाच विसरण म्हणतात. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे वर चढून टाकीच्या छिद्रातून निघून जातात. कॅथोडजवळची किंचित तापलेली हवा वर उठते आणि तिच्या जागी ताजी हवा येते. फिरणारा एकही भाग नसल्यामुळे आवाज होत नाही आणि बिघडण्यासारख्या गोष्टीही कमी असतात. मात्र विसरण ही संथ क्रिया आहे, त्यामुळे असा घट साध्या तापमानाला पटलाच्या एका चौरस सेंटिमीटरमागे साधारण २० ते ४० मिलिवॅट एवढीच वीज देतो.

आता तुमच्या मशीनचा हिशेब मांडू. ती सरासरी ५ वॅट घेते आणि रात्रीचे १४ तास चालते असे धरले, तर एका रात्रीला ७० वॅट-तास लागतात. एक लिटर मिथेनॉलमध्ये उष्णतेच्या मापाने सुमारे ४.४ युनिट (एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास) ऊर्जा असते. पंप-पंखे असलेले चांगले घट त्यातून साधारण एक युनिट वीज काढतात. पॅसिव्ह घटाकडून अर्धे ते पाऊण युनिटच धरावे. त्या हिशेबाने एका रात्रीला १०० ते १४० मिलिलिटर मिथेनॉल पुरते, आणि पावसाच्या चार रात्री सुमारे अर्ध्या लिटरवर निघतात. इंधनाच्या बाजूने पाहिले तर हे खरोखरच सोयीचे आहे.

अडचण घटाच्या बाजूला आहे. एका चौरस सेंटिमीटरमागे २० मिलिवॅट धरले तर ५ वॅटसाठी २५० चौरस सेंटिमीटर पटल लागते, आणि त्यावरच्या उत्प्रेरकात प्लॅटिनम व रुथेनियम हे मौल्यवान धातू प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे काही मिलिग्रॅम या प्रमाणात वापरावे लागतात. म्हणजे तुमच्या एका मशीनपुरत्या घटातही एक ग्रॅमहून अधिक मौल्यवान धातू जाईल, आणि पटलाची किंमत वेगळी. शिवाय एका घटाचा विद्युतदाब प्रत्यक्ष कामात ०.३ ते ०.४ व्होल्टच राहतो, त्यामुळे १२ व्होल्टसाठी तीसहून अधिक घट एकापुढे एक जोडावे लागतात, किंवा कमी घट घेऊन दाब वाढवणारे सर्किट बसवावे लागते आणि त्यातही थोडी वीज वाया जाते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की उघड्या वावरातल्या झटका मशीनसाठी आज या घटाच्या मागे लागू नये. चार रात्रींची गरज २८० वॅट-तासांची आहे. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून खाली उतरू द्यायची नाही असे धरले, तरी १२ व्होल्टची ४० ते ५० ॲम्पिअर-तासांची बॅटरी आणि थोडे मोठे पॅनेल एवढ्यावर तुमचे काम भागेल, कारण ढगाळ दिवशीही पॅनेल थोडीफार वीज देतच असते. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. बॅटरी उतरली म्हणून तारेत घरची २३० व्होल्टची वीज सोडण्याचा मोह कोणीही करू नये. अशा तारेला लागून विदर्भात माणसे आणि वन्यप्राणी दोन्ही मेले आहेत, आणि तो गुन्हा आहे.

पॅसिव्ह घटाची खरी जागा निराळी आहे. दाट सागवानाखाली किंवा बांबूच्या रांजीत बसवलेल्या कॅमेऱ्याला अथवा पाण्याची पातळी मोजणाऱ्या उपकरणाला सूर्य मिळत नाही, वीज मात्र अगदी थोडी लागते आणि तिथे वारंवार जाणेही शक्य नसते. अशा ठिकाणी एका लिटरच्या बाटलीत साठवलेली ऊर्जा तेवढ्याच वजनाच्या बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त दिवस पुरते.

प्रश्न : सर, टिपणात पाणी मिसळलेले मिथेनॉल वापरतात असे म्हटले आहे. पाणी घातल्याने इंधन पातळ होणार, मग शुद्ध मिथेनॉलच का भरत नाहीत? आणि मिथेनॉल विषारी आहे, तर त्याऐवजी इथेनॉल का वापरत नाहीत?
(बी.एस्सी. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी, पुसद, जि. यवतमाळ)

उत्तर : या विषयातले दोन सर्वांत अवघड प्रश्न तुम्ही एकाच पत्रात विचारले आहेत. वर सांगितलेल्या अभिक्रियेत मिथेनॉलच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचा एक रेणू लागतो, म्हणून थोडे पाणी हवेच. पण ३२ ग्रॅम मिथेनॉलला १८ ग्रॅम पाणी एवढेच त्याचे प्रमाण आहे. प्रत्यक्षात मात्र लिटरमध्ये २ ते ५ मोल एवढेच मिथेनॉल घेतात; ४ मोल म्हणजे एका लिटर द्रावणात सुमारे १६० मिलिलिटर मिथेनॉल, बाकी सगळे पाणी. इतके पाणी घालावे लागते ते पटलाच्या दोषामुळे. नॅफिऑनमधून प्रोटॉन जातात ते त्यात शोषलेल्या पाण्याच्या वाटेने, आणि मिथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळत असल्यामुळे त्याच वाटेने तेही पलीकडे झिरपते. पाटाचे पाणी आपल्या दांडात येण्याआधी शेजाऱ्याच्या वावरात मुरावे, तसे हे इंधन वीज न देताच कॅथोडवर पोहोचते आणि तिथल्या ऑक्सिजनशी थेट संयोग पावून नुसती उष्णता देते. नुकसान तेवढ्यावरच थांबत नाही. कॅथोडवर एकाच वेळी दोन विरुद्ध अभिक्रिया चालल्यामुळे त्याचा विभवही खाली येतो आणि घटाचा दाब घटतो. सिद्धांतानुसार १.२ व्होल्टच्या आसपास मिळायला हवे तिथे ०.३ ते ०.४ व्होल्टच हाती येतात, त्यामागे ॲनोडवरच्या अभिक्रियेच्या संथपणाइतकेच हे झिरपणेही कारणीभूत आहे.

द्रावण पातळ केले की झिरपणे कमी होते, पण टाकी लवकर रिकामी होते. १०० मिलिलिटरच्या टाकीत खरे इंधन १६ मिलिलिटरच असेल तर द्रव इंधनाचा मुख्य फायदाच हातचा जातो. म्हणून बरेचसे संशोधन शुद्ध मिथेनॉल साठवून ॲनोडपर्यंत मात्र ते थोडे-थोडेच कसे पोहोचेल, या एका गोष्टीवर चालते. कोणी टाकी आणि ॲनोड यांच्यामध्ये सच्छिद्र पाटी बसवतात, कोणी मिथेनॉलची वाफच तेवढी पलीकडे जाऊ देणारा पडदा लावतात, आणि कॅथोडवर तयार झालेले पाणी पटलातून उलट ॲनोडकडे यावे अशी थरांची रचना करतात. तोशिबा कंपनीने २००९ साली जपानमध्ये संहत मिथेनॉलवर चालणारा मोबाइल चार्जर ३००० नगांपुरता विक्रीला काढला होता. त्याच्या १४ मिलिलिटरच्या टाकीतून दोन मोबाइल भरता येत, असे कंपनीचे सांगणे होते. ते उपकरण बाजारात रुजले नाही, पण रसायनशास्त्र प्रयोगशाळेबाहेर चालू शकते एवढे त्यातून दिसले. या घटाच्या पायाभूत कामात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे, हे तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. मूळचे बंगळुरूचे रसायनशास्त्रज्ञ जी. के. सूर्य प्रकाश आणि १९९४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे जॉर्ज ओला यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात, नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीबरोबर १९९० च्या दशकात द्रव मिथेनॉल थेट वापरणारा आजच्या धर्तीचा घट विकसित केला.

आता इथेनॉल. कागदावर ते सरस दिसते, कारण एका लिटरमध्ये सुमारे ५.९ युनिट ऊर्जा असते आणि त्याच्या एका रेणूचे पूर्ण ऑक्सिडीकरण झाले तर १२ इलेक्ट्रॉन मिळतात. पण मिथेनॉलच्या रेणूत कार्बनचा एकच अणू असतो, तर इथेनॉलमध्ये दोन अणू एकमेकांना बांधलेले असतात, आणि साध्या तापमानाला तो बंध तोडणे आजच्या उत्प्रेरकांना फारसे जमत नाही. अभिक्रिया बहुतांशी ॲसिटाल्डिहाइड किंवा ॲसेटिक आम्ल यांच्यापाशी अडते. पहिल्यापर्यंत २ आणि दुसऱ्यापर्यंत ४ इलेक्ट्रॉन मिळतात. हिशेब करून पाहा. एका लिटर शुद्ध मिथेनॉलमध्ये सुमारे २४.७ मोल असतात आणि प्रत्येकाचे ६ इलेक्ट्रॉन धरले तर १४८ मोल इलेक्ट्रॉन होतात. एका लिटर इथेनॉलमध्ये सुमारे १७.१ मोल असतात आणि ४ इलेक्ट्रॉनांवर थांबल्यास ६८ मोलच मिळतात. जास्त ऊर्जेचे इंधन निम्म्याहूनही कमी प्रवाह देते ते असे.

आम्लधर्मी पटलाऐवजी अल्कधर्मी पटल वापरले तर अल्कोहोलांचे ऑक्सिडीकरण वेगाने होते आणि ॲनोडवर प्लॅटिनमऐवजी पॅलेडियम चालते. मात्र तिथेही इथेनॉलचा शेवट बहुधा ॲसिटेटमध्येच होतो, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड अल्कात शिरून कार्बोनेट तयार करतो, हा त्रास वेगळा. तरीसुद्धा मला स्वतःला या वाटेबद्दल जास्त आशा वाटते, कारण गावात, लहान मुलांच्या घरात, ठेवण्याजोगे इंधन मिथेनॉल नाही. तुम्हाला पुढे संशोधनाकडे वळायचे असेल तर कार्बन-कार्बन बंध तोडणारा उत्प्रेरक हा आयुष्य वाहून घ्यावे एवढा मोठा प्रश्न आहे.

प्रश्न : आमच्या बचत गटाच्या बाया दरवर्षी मोहफुले वेचतात. मोहापासून अल्कोहोल निघते हे साऱ्यांना ठाऊक आहे. ते पिण्याऐवजी विजेसाठी वापरले तर आमच्या टोल्यावर रात्रीचे दिवे लागतील काय?
(बचत गटाच्या सदस्या, कुरखेडा तालुका, जि. गडचिरोली)

उत्तर : ताई, मोहाच्या फुलाला दारूपलीकडचे मोल मिळावे ही तुमची तळमळ अगदी योग्य आहे, म्हणूनच उत्तर मोकळेपणाने देतो. तुमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. विजेच्या हेतूने का होईना, घरी किंवा गटात मोह गाळणे हा गुन्हाच ठरेल, आणि ज्या जिल्ह्यात बायांनी दारूबंदीसाठी एवढी वर्षे झुंज दिली तिथे दिव्याच्या नावाखाली भट्टी पुन्हा पेटावी असे तुम्हालाही वाटणार नाही.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी हातभट्टीचे अल्कोहोल या घटाला चालत नाही. आंबवणीतून निघणाऱ्या अर्कात इथेनॉलबरोबर एस्टर, ॲल्डिहाइड, जड अल्कोहोले आणि भांड्यांतून आलेले धातूंचे अंश असतात. उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर असे पदार्थ चिकटून बसले की त्याची शक्ती उतरत जाते, आणि धातूंचे आयन पटलात शिरून प्रोटॉनांची जागा अडवतात. बोअरचे जड पाणी मिसळले तरी हेच होते. दुकानात मिळणाऱ्या विकृत स्पिरिटमध्ये कोणी पिऊ नये म्हणून मुद्दाम इतर द्रव्ये घातलेली असतात आणि हातावर चोळायच्या सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असते, त्यामुळे तेही टाकीत ओतू नयेत.

मिथेनॉलबद्दल तर मी गटातल्या प्रत्येकीला सावध करू इच्छितो. दिसायला आणि वासाला ते साधारण दारूसारखेच असते. शरीरात गेल्यावर त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते, ते डोळ्याच्या नसेवर घाव घालते. अगदी १० मिलिलिटरही कायमचे अंधत्व आणू शकते आणि थोडे अधिक गेले तर जीव जातो. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, त्या दारूत मिथेनॉलच होते. ज्या भागात चोरून दारू विकली जाते, तिथे मिथेनॉलचा एखादा डबा कुणाच्या हाती लागणे किती भयंकर ठरेल हे वेगळे सांगायला नको. कोणी चुकून प्यायले असेल तर नशा उतरण्याची वाट न पाहता, डोळ्यांना धूसर दिसू लागण्याआधीच, त्याला दवाखान्यात न्यावे. वेळेत पोहोचल्यास त्यावर उतारा आहे.

तुमच्या दिव्यांसाठी आज सौर दिवाच योग्य आहे. मोहफुलांचे लाडू, मनुका, सरबत, जॅम यांना बाजार मिळू लागला आहे, आणि मला वाटते गटाच्या मेहनतीचे मोल त्या वाटेने अधिक लवकर मिळेल.

प्रश्न : पऱ्हाटीपासून (कापसाच्या वाळलेल्या झाडांपासून) मिथेनॉल करून त्यावर पाच एचपीची मोटार चालवता येईल काय? आम्हाला रात्रीच लाइन मिळते.
(एक कास्तकार, दिग्रस तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : नाही. पाच एचपी म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅट, एवढ्यासाठी पॅसिव्ह घटाचे १८ चौरस मीटरहून अधिक पटल लागेल आणि तासाला सुमारे ५ ते ७ लिटर मिथेनॉल संपेल. पऱ्हाटीपासून मिथेनॉल होऊ शकते हे खरे आहे. त्यासाठी आधी तिचा वायू करावा लागतो, तो शुद्ध करावा लागतो आणि मग ५० ते १०० पट वायुदाबाखाली, २०० ते ३०० अंश तापमानाला तांब्याच्या उत्प्रेरकावरून न्यावा लागतो. हे काम कारखान्याचे आहे. दिवसा ओलित करायचे असेल तर सौर कृषिपंपाचा विचार करावा.

प्रश्न : आमच्या आश्रमशाळेत नववी-दहावीच्या मुलांना हा घट प्रत्यक्ष दाखवायचा आहे. सुरक्षित रीतीने कसा दाखवावा? उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्याचा काही परिणाम होतो का?
(विज्ञान शिक्षक, धारणी तालुका, जि. अमरावती)

उत्तर : गुरुजी, मुलांसमोर मिथेनॉल आणूच नका. सुमारे १० टक्के इथेनॉलच्या द्रावणावर चालणारे, एक छोटा पंखा फिरवणारे शालेय संच मिळतात, त्यांपैकी एक पुरेसा आहे. प्रयोगशाळेसाठीचे शुद्ध इथेनॉल शाळेमार्फत रीतसर मागवा आणि पाणी बॅटरीत घालायचे डिस्टिल्डच वापरा. शुद्ध इथेनॉलची वाफ १३ अंशांच्या आसपासही ठिणगीने पेट घेऊ शकते. म्हणजे आपल्याकडे ते वर्षभर पेटण्याच्या तयारीत असते. त्यामुळे द्रावण आदल्या दिवशी तुम्ही स्वतः करून ठेवा, वर्गात फक्त पातळ द्रावण न्या, आणि स्पिरिटचा दिवा त्या टेबलावर ठेवू नका.

उन्हाचा परिणाम दोन्ही अंगांनी होतो. तापमान वाढले की उत्प्रेरकावरची अभिक्रिया वेगाने होते, पण अल्कोहोलचे झिरपणे आणि बाष्पीभवनही वाढते, आणि आपल्या कोरड्या वैशाखी हवेत पटल सुकून त्याची प्रोटॉन वाहण्याची शक्ती कमी होते. उलट पावसाळ्यात कॅथोडवर तयार झालेले पाणी उडून जात नाही आणि हवेची छिद्रे बुजतात. त्यामुळे दिवाळीनंतरचे दिवस प्रयोगाला सर्वांत चांगले. वर्ग हवेशीर असावा, कारण घटातून ॲसिटाल्डिहाइडची थोडी वाफही सुटते.

प्रयोग नुसता पंखा फिरवण्यावर संपवू नका. सुरुवातीला टाकीतल्या द्रावणाचा एक थेंब पीएच पट्टीवर घ्या आणि रंग नोंदवा. पंखा काही तास चालू द्या, मग घटातून बाहेर आलेल्या द्रावणाचा थेंब दुसऱ्या पट्टीवर घ्या. पट्टी आम्लाचा रंग दाखवू लागेल, कारण इथेनॉलचे ॲसेटिक आम्ल झालेले असेल. मग मुलांना विचारा की अभिक्रिया कार्बन डायऑक्साइडपर्यंत पोहोचली असती तर १२ इलेक्ट्रॉन मिळाले असते, आम्लापाशी थांबल्यावर किती मिळाले. दहावीच्या मुलांना ते वहीवर काढता येईल. वापरलेले द्रावण भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा आणि घट डिस्टिल्ड पाण्याने धुऊन ओलसर अवस्थेतच झाकून ठेवा. तो पूर्ण वाळू दिला तर पुढच्या वर्षी चालेलच याची खात्री राहत नाही.